द्वारकाक्काची मागची भिंत

आमच्या गावात द्वारकाक्काला कुणी चांगलं म्हटलेलं मला आठवत नाही. तोंडानं फटकळ, चालीनं ताठ, आणि कुणाच्या ओट्यावर घटकाभर बसून चार घरच्या चौकशा करायच्या एवढी साधी माणुसकीबी तिच्यात नव्हती. मी पाटलाची सून. आमच्या घरात तिचं नाव निघालं की सासूबाई आधी चूळ भरायच्या, मग बोलायच्या. तरी लिहायला बसले ते तिच्यावरच. परवा माझी नात, अंगणवाडीत ताई आहे ती, एक छापील कागद घेऊन आली. काही पोरं वेगळी असतात, ती कशी ओळखायची, त्यांच्या आईबापाला आणि मास्तरांना काय सांगायचं, असं त्यात लिहिलेलं. स्वमग्न म्हणतात म्हणे त्यांना. मी चष्मा लावून सगळा वाचला आणि म्हटलं, बाई, ह्यातलं निम्मं आमच्या गावात गेरूनं लिहिलेलं होतं, आणि आम्ही ते पाडायला निघालो होतो.

गाव तेरपासून दोन कोसांवर, तेरणेच्या काठाला. निजाम जाऊन नऊ-दहा वर्षं झाली होती आणि जिल्हा नुकताच मुंबई राज्यात गेला होता. गावात मराठी शाळा आली, पाटी आली, पण पाटील तेच राहिले. पाटील म्हणजे माझे सासरे, दगडोबा. द्वारकाक्काचा नवरा रामकिसन, चार एकराचा धनी, बोलायच्या आधी दोनदा घसा खाकरणार आणि मग बोलणारच नाही असा. त्यांना एकच पोरगी, महादेवी. तेव्हा आठ वर्षांची.

पोरगी दिसायला नक्षत्रासारखी. पण कुणाच्या डोळ्याला डोळा द्यायची नाही. तहान लागली तर पाणी मागायची नाही, मायचा हात धरून रांजणावर नेऊन ठेवायची. स्वतःचं एक वाक्य तिच्या तोंडून निघायचं नाही, पण ऐकलेलं मात्र जसंच्या तसं निघायचं, त्याच आवाजात. मोटेचं चाक, गुरवाची आरती, आमच्या सासूबाईंची शिवी, सगळं. भाकरीवर कालवण ओतलं तर ताट भिरकावायची, बाजूला वाढलं तर निमूट जेवायची. कुणी मागून हात लावला की अशी किंचाळायची की वेशीपर्यंत ऐकू जावं.

गावानं निकाल कधीच दिला होता. कुणी म्हणे गिराण लागलं, कुणी म्हणे सटवीनं धरलं. सासूबाईंचा निकाल सगळ्यात सोपा होता. मायनं गावाशी केलेली भांडणं पोरीच्या अंगावर उठली, असं त्या म्हणायच्या.

शाळेत नाव घातलं होतं. मास्तर अंबादास, तुळजापूरचे, पुजाऱ्याच्या घरातले, हातात निरगुडीची छडी. शाळेच्या आढ्याला रुळाचा तुकडा टांगलेला, तो लोखंडानं बडवला की शाळा भरायची. तो वाजला की महादेवी कानावर हात दाबून भुईवर लोळायची. मास्तरांनी महिनाभर छडीनं औषध करून बघितलं, मग हजेरीतून नाव काढलं. पोरगी तरी रोज जायची आणि शाळेबाहेर लिंबाखाली बसायची. पोरं खडे मारायची. मास्तर पोरांना अडवायचे नाहीत, वर्गात बोलावून घ्यायचे तेवढंच.

हे असंच चाललं असतं, पण दसरा आला. सोनं द्यायला सगळा गाव पारावर. सासऱ्यांनी मोठ्या मनानं, सगळ्यांना दिसेल असं, मागून येऊन महादेवीच्या डोक्यावर हात ठेवला. पोरीनं तो हात धरला आणि अंगठ्याच्या मुळाशी कडकडून चावली. पाटलाच्या हाताला चार दात लागले आणि गावाच्या इज्जतीला भोक पडलं.

दिवाळीच्या आत कागद तयार झाला. मुलगी वेडी असून गावाला धोका आहे, तरी सरकारनं तिला वेड्यांच्या इस्पितळात न्यावं. पौषात तहसीलदारांचा मुक्काम आमच्या गावी असणार होता, तेव्हा तो हातात द्यायचा. खाली सरपंचाची सही, पंचांचे अंगठे. एकच जागा मोकळी होती, अंबादास मास्तरांची. ते सरकारी माणूस, शिकलेले, पोरगी त्यांच्या शाळेत होती. त्यांनी लिहून दिलं की काम पक्कं. मास्तरांनी कागद ठेवून घेतला आणि म्हणाले, देतो, घाई काय आहे. सही करायची नाही असं त्यांच्या मनात काही नव्हतं. त्यांना पाटलाला थोडं थांबवून ठेवायला आवडायचं.

रामकिसन चावडीवर गेला, घसा खाकरला आणि परत आला. मग द्वारकाक्कानं पोरीला उचललं आणि तेरला चालत जाऊन धाराशिवची मोटार धरली. मोटारीत पोरगी सारा रस्ता ओरडली, लोकांनी सारा रस्ता शिव्या दिल्या. एका दवाखान्यातल्या डॉक्टरानं पोरीची जीभ बघितली, डोळे ताणून बघितले आणि सांगितलं की डोकं कच्चं आहे, ह्याला औषध नाही, दुसरं मूल होऊ द्या.

"दुसरं झालं म्हंजी हिचं काय सुटतंय?" द्वारकाक्कानं विचारलं. डॉक्टरानं पुढचा नंबर पुकारला.

बाहेर पायरीवर लीला नावाची नर्स भेटली. सोलापूरकडची होती. पोरीला हात न लावता ती चार हात लांब बसली आणि बराच वेळ नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "असं एक मूल मी पाहिलंय. ह्याला नाव काय ते मला ठाऊक नाही, आणि ठाऊक असणारं माणूस तुम्हाला ह्या जिल्ह्यात भेटणार नाही. पण हे वेड नाही. ती कशानं बिघडते आणि कशानं शांत राहते, ते रोज लिहून ठेवा. दोन महिने. मग तुम्हालाच दिसेल."

द्वारकाक्का म्हणाली, म्या अंगठेबहाद्दर. नर्स म्हणाली, मग अंगठ्यानं लिहा.

एवढी एकच माहिती घेऊन ती बाई परत आली. आणि तिनं ती शब्दाला धरून पाळली. परड्याकडची मागची भिंत सारवली. आमच्याकडे दुधाचा रतीब किंवा मजुराचे दिवस भिंतीवर बोटं ओढून मोजायची रीत होतीच. तिनं तीच धरली. पोरीचा दिवस बरा गेला की चुन्याचं बोट. बिघडला की गेरूचं. सात बोटांची ओळ, बाजाराच्या मंगळवारपासून पुढच्या सोमवारपर्यंत. आणि गेरूच्या बोटाखाली कारण. घंटेनं बिघडली तर उभी पट्टी. बाजाराच्या गर्दीनं बिघडली तर टोपली. कुणी अंगाला हात लावला तर पाच बोटं टेकवून छोटा पंजा.

हे सगळं मला फार पुढं कळलं. तेव्हा मला दिसली ती नुसती भिंत.

कार्तिकातल्या एका सकाळी आमची चूल विझली आणि सासूबाईंनी मला मडकं देऊन विस्तव मागायला धाडलं. जवळची घरं मळ्यात गेलेली, म्हणून मी द्वारकाक्काच्या परड्यातून आत शिरले. पोरगी पाठमोरी बसली होती. मी हाक न देता तिच्या मागनं गेले, माझ्या पदराचा शेव तिला लागला आणि तिनं किंकाळी फोडली. मी दचकून भिंतीला टेकले. वळून बघते तर भिंतीवर पांढऱ्या-तांबड्या बोटांच्या ओळी, आणि मधे मधे तांबडे पंजे.

आता घरची हकिकत सांगते. सासऱ्यांचा चावलेला हात तोपर्यंत बरा झालेला नव्हता. जखम भरत आली की पुन्हा चिघळायची. तिच्यावर ते रोज तंबाखू आणि चुना भरायचे, हे कुणाला सांगायची सोय नव्हती. मी विस्तव घेतला नाही. तशीच विहिरीवर गेले आणि चार बायकांत म्हणाले, "द्वारकाक्काच्या भिंतीवर पाटलाचा हात काढलाय. तांबडा. रोज एक."

माझं वय एकोणीस. विहिरीवर माझं कुणी ऐकून घेत नसे. त्या दिवशी सगळ्यांनी घागरी खाली ठेवल्या.

दुपारपर्यंत गावभर झालं की ती करणी करते. माणसं काटेरी कुंपणावरून बघून जायची. वाण्यानं तिला मीठ द्यायचं थांबवलं. तिच्या दारात कुणी कुत्रं मारून टाकलं. रामकिसनची बैलजोडी पाण्यावर येऊ दिली नाही, तर ती बाई खांद्यावर घागर घेऊन नदीवरनं पाणी आणून बैलांना पाजायची. भिंत पाडायची असं दोनदा ठरलं. पण करणीच्या भिंतीला पहिला हात कुणी लावायचा? सरपंच म्हणे पाटलानं, पाटील म्हणे महारवाड्यातनं माणूस बोलवा, ती माणसं म्हणाली तुमची करणी तुम्हीच पाडा. आम्हीच घातलेल्या भीतीनं भिंत तेवढी उभी राहिली.

द्वारकाक्कानं एकदाही कुणाला समजावून सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ऐकलं नसतं हे खरं, पण तिनं सांगितलंच नाही हेही खरं. "ज्येला वाचायचं न्हाय त्येला कशाला वाचून दावू?" म्हणायची. रोज संध्याकाळी बोट बुडवायची, भिंतीला लावायची, हात धुवायची. आणि भिंतीवर जे दिसेल तसं घर बदलायची. मंगळवारी पोरीला बाजाराच्या वाटेनं नेणं तिनं सोडलं. साडी एकाच रंगाची नेसायला लागली. पांढरी बोटं वाढत गेली. उभ्या पट्ट्या तेवढ्या हटत नव्हत्या, कारण लिंबाखाली जायचं पोरगी सोडत नव्हती आणि घंटा तिच्या हातात नव्हती.

मग वेळ अमावस्या आली. त्या दिवशी आमच्याकडे गाव ओस पडतं. सगळी माणसं शेतात. कडब्याची कोप करायची, पाच दगडांना चुना लावून पांडव मांडायचे, आंबील, भज्जी, उंडे. आणि बांधावरून जाणारा कुणीही असो, वैरी असला तरी, जेवायला हाक मारायची. हाक मारली की त्यानं नाही म्हणायचं नाही. त्या वर्षी द्वारकाक्काच्या कोपीकडे कुणी फिरकलं नाही. तिच्या बांधावरून जावं लागू नये म्हणून माणसं ओढ्यातून चिखल तुडवत गेली.

अंबादास मास्तरांना शेत नव्हतं. दर वर्षी ते चार कोपींवर चार घास खाऊन यायचे. त्यांना ओढ्यातला चिखल नको होता, म्हणून बांधावरनं आले. त्यांच्या खिशात तो कागद होता. पाटलाच्या कोपीवर जेवून सही करायची ठरली होती.

"मास्तर, जेवायला चला," द्वारकाक्का म्हणाली. हसून नाही. रीत म्हणून.

मास्तर अडकले. म्हणाले, आंबील घेतो, उभ्यानंच. ती म्हणाली, उभ्यानं भिकारी घेतो. मग बसले.

महादेवी कोपीच्या सावलीत पांडवांसमोर बसून डुलत होती. गर्दी नाही, आवाज नाही, शांत. मास्तरांचा आवाज कानावर पडला आणि ती बोलायला लागली. मास्तरांच्याच आवाजात. "गुंडाप्पा. हजर. वीरप्पा. हजर. शरणप्पा. हजर." सगळा हजेरीपट, ओळीनं, मधला मास्तरांचा खोकला सुद्धा. सतरा नावं झाली आणि ती म्हणाली, "महादेवी रामकिसन." मग गप्प. मग पुन्हा मास्तरांच्या आवाजात, "बहिरी आहेस का गं? माय बडबडी, पोर मुकी. हात पुढं कर." आणि मग छडीचा आवाज. सप्. सप्. सप्. आणि पुढचं नाव.

मास्तरांची आंबील तशीच राहिली. त्यांनी विचारलं, "हे रोज म्हणते?"

"तुमी नाव काढल्यापास्नं. रोज."

मग त्यांनी भिंतीचं विचारलं. लोक म्हणतात ते खरं का. द्वारकाक्का म्हणाली, "खरं खोटं तुमीच बघा. वाचणारे तुमी."

पोरीला रामकिसनजवळ ठेवून ओसाड गावातून दोघं परड्यात आले. मास्तर भिंतीसमोर उभे राहिले ते उन्हं कलेपर्यंत. पट्टी म्हणजे काय, टोपली म्हणजे काय, तिनं एकदाच सांगितलं. मग ते शाळेत गेले, हजेरीबुक घेऊन आले आणि एकेका ओळीवर बोट ठेवून ताडून बघितलं. भिंतीला हात लावणारा पहिला माणूस म्हणजे ते. शेतातून परत येणाऱ्या माणसांनी ते बघितलं, आणि चावडी भरायला वेळ लागला नाही.

आम्ही बायका चावडीच्या मागं उभ्या होतो, त्यामुळं हे मी कानांनी ऐकलं. सासऱ्यांनी दौत-टाक पुढं केला. मास्तरांनी कागद खिशातून काढला आणि सही न करता खाली ठेवला.

"ती करणी नाही, पाटील," ते म्हणाले. "ते हजेरीबुक आहे. त्या उभ्या पट्ट्या म्हणजे माझी शाळेची घंटा. रविवारी एकही पट्टी नाही. मी तीन दिवस तुळजापूरला गेलो होतो, तेव्हा एकही नाही. पोरगी वेडी नाही. तिला काय सोसत नाही ते तिथं तारीखवार मांडलंय. आणि तेच आपण करतो."

"आणि पंजा?" सासऱ्यांनी बांधलेला हात वर केला. "ह्यो हात कुणाचा हाय मग?"

द्वारकाक्का पायरीच्या खाली उभी होती. ती म्हणाली, "ज्येनं ज्येनं लावला त्येचा. पर तुमचा त्यात न्हाय, पाटील. तुमी दसऱ्याला लावला. म्या भिंत धरली दिवाळीनंतर. आधी धरली असती तर काढला असता."

मागच्या बाजूला कुणीतरी हसलं. तेवढं हसू सासऱ्यांना चार दातांपेक्षा जास्त लागलं. मास्तर, तुमची बदली झाली असं समजा, असं ते सगळ्यांसमोर म्हणाले. मास्तरांनी समजलं असं म्हटलं.

पौषात तहसीलदार आले. कागद बिनसहीचाच पुढं गेला. त्यांनी विचारलं, शाळामास्तरची सही कुठाय, डॉक्टरचा दाखला कुठाय. दोन्ही नव्हतं. कागद दप्तरात बांधला गेला तो गेलाच. पोरगी गावात राहिली. सासऱ्यांनी तेरला जाऊन सुया टोचून घेतल्या, हात बरा झाला, आणि सासूबाई म्हणाल्या की मास्तरच्या हातानं करणी उतरली.

गाव सुधारलं असं काही वाटून घेऊ नका. हळदीकुंकवाला द्वारकाक्काला कुणी बोलावलं नाही, खडे थांबले नाहीत. मास्तरांनी रूळ उतरवून लांब चिंचेला टांगला, नाव पुन्हा हजेरीत चढवलं आणि पोरीला दाराशी, भिंतीकडं पाठ करून बसवलं, म्हणजे मागून कुणी येऊ नये. सहा महिन्यांत ती अक्षरं गिरवायला लागली. जेठात मास्तरांची बदली नळदुर्गला झाली. नव्या मास्तरांनी रूळ परत आढ्याला आणला आणि पहिल्या आठवड्यात नाव काढलं. महादेवीची शाळा एवढीच. मग ती मायबरोबर शेतात राहिली. भुईमूग निवडायला तिच्याएवढं नेटकं माणूस गावात नव्हतं, पण तिला कामाला बोलवायचं धाडस माझ्यासकट कुणी केलं नाही.

पाच-सहा वर्षांनी द्वारकाक्का आमच्या मागल्या दाराशी आली. हातात पोस्टकार्ड. बायकांत वाचणारी मी एकटी, चौथी नापास. तिला दुसरीकडं जाता येत असतं तर ती आमच्या दारात आली नसती. सासूबाई तुळजापूरला गेलेल्या बघूनच आली होती.

कार्ड अंबादास मास्तरांचं. नळदुर्गला त्यांच्या वर्गात तसाच एक मुलगा आला होता. गाव त्याला मारतं आणि आई कुठं कुठं धागे बांधत फिरते. ती आई अमुक दिवशी तुमच्याकडे येईल, तिला भिंत दाखवा. आणि मास्तर लोकांनी काय करावं, काय करू नये, तेही मला लिहून पाठवा, मी इथल्या दुसऱ्या मास्तरांना वाचून दाखवीन.

"चल," ती म्हणाली. "भिंतीसमोर बसून उत्तर लिही."

मी तिच्या परड्यात गेले. भिंत अजून होती. जुन्या ओळी फिक्या झालेल्या, पण तिनं त्यावर सारवण घातलं नव्हतं. नव्या ओळी बाजूच्या भिंतीवर गेलेल्या. महादेवी अंगणात भुईमूग निवडत होती, तिनं मान वर केली नाही. लिहायला बसले. म्हटलं, आता नाही सांगितलं तर कधीच सांगणं व्हायचं नाही.

"आक्का, विहिरीवर त्या दिवशी पयलं म्या बोलले हुते. पाटलाचा हात काढलाय म्हणून."

द्वारकाक्कानं पदर खोचला. मग उठली आणि भिंतीच्या डाव्या अंगाला, तिसऱ्या ओळीतल्या पहिल्या बोटावर तिनं नख टेकवलं. गेरूचं बोट. त्याखाली पंजा, आणि पंजाशेजारी एक वाकडं मडकं.

"मंगळवार. विस्तवाला आल्तीस," ती म्हणाली. "मागनं. हाक न देता. तू गेल्यावर पोरगी दिस मावळंपतूर वरडत हुती. तवाच काढलीय तुला. मडकं तेवढं नीट निघालं न्हाय."

सहा वर्षं मी त्या भिंतीवर होते आणि गावभर तिला करणीवाली म्हणत फिरले होते. माफी मागायला तोंड उघडलं तर तिनं हातानंच थांबवलं.

"ते राहू दे. पत्र लिही. काय करू नये ते आधी, ते लांबलचक हाय."

मी पेन्सिल ओली केली. ती सांगत गेली, मी लिहीत गेले. पहिलीच ओळ होती, मागून येऊ नका, आधी हाक द्या. ती लिहून झाल्यावर द्वारकाक्का म्हणाली, वाचून दाखव. मी वाचलं. ती म्हणाली, "मोठ्यानं वाच. अन पुन्यांदा."